पिंपातली माती

"टाकी एकच, पाइप एकच... मग माती यांच्याच पिंपात कशी येते गं?" जिन्यात खालच्या काकू शेजारणीला विचारत होत्या. "मुलगीच कालवत असेल. कॉन्व्हेंटमध्ये क्राफ्ट शिकवतात म्हणे."

मी दाराआडून ऐकलं, बाहेर गेले नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण हे मी स्वतः पाहिलंय — नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, डोंबिवलीत, कोपरच्या आमच्या दोन खोल्यांत.

बाबा कोकणात नव्या रेल्वेलाइनच्या बोगद्यावर फोरमन होते. डोंगर खडकाचा असेल असं सगळ्यांना वाटलेलं, आत निघाली ओली, पिवळी माती. काढावी तेवढी वरून पुन्हा उतरायची. काम रखडत गेलं, बाबांची रजाही. मग एका दुपारी छत खाली आलं. बाकीचे बाहेर पळाले... बाबा आत राहिले.

तिकडे खणणं चालू होतं, म्हणून आईने कुंकू पुसलं नाही.

त्याच आठवड्यात पिंपाच्या तळाशी माती दिसायला लागली. नळाला पाणी स्वच्छ यायचं. सकाळी भरून ठेवलं की दुपारपर्यंत खाली पिवळा, गुळगुळीत थर. सोसायटीने टाकी धुऊन घेतली. मी नळाला फडकं बांधलं. फडकं पांढरंच राहिलं.

आई पदर खोचून वाटीने माती उपसायची. "इथून काढली की तिथे तेवढी कमी होईल," म्हणायची. मी बादली धरायचे.

दसऱ्यानंतर बाबांच्या हाताखालचे सावंतकाका आले. चहाला हात न लावता म्हणाले, "वहिनी, लाइन वळवायचं ठरलंय. तो भाग बंद करणार. तिथे आता कोणी खणायचं नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि मोरीत जाऊन पिंपात वाकली.

काका मागोमाग गेले. बादलीतली माती त्यांनी बोटांवर चोळली आणि तिथेच खाली बसले. "वहिनी, ही कुठून आणलीत?"

"आणली नाही. येते."

त्या दिवसानंतर माती कधीच आली नाही. का आली, का थांबली... पुढे मी केमिस्ट्री शिकले, तरी मला सांगता येत नाही.

पण त्या दुपारी आई थांबेना. तिची नखं पिवळी झाली होती. काका माझ्याकडे बघत होते. कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तिचा हात पाण्यातून बाहेर काढला.

"बाबा गेले, आई. आता नको काढूस."