सुंदरी म्हैस कॉम्प्युटरात शिरते

क्रांती कांबळेनं एकदा डोक्यात घेतलं की मग ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. गंगावेशीजवळच्या बालवाडीत ती शिकवायची. २००१ साली एका देणगीदारानं शाळेला कॉम्प्युटर दिला आणि सोबत प्राण्यांची इंग्रजी सीडी. चित्रावर दाबलं की प्राणी ओरडायचा. पोरांनी सिंह ऐकला, पेंग्विन ऐकला. मग चिमुरड्या निशानं विचारलं, "बाई, ह्यात म्हस कुठं हाय?"

म्हैस नव्हतीच. जिच्या धारोष्ण दुधावर इथली पोरं वाढतात, तिचाच पत्ता नाही म्हटल्यावर क्रांतीचं डोकं फिरलं. ती नुकतीच कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन आली होती. आपणच आपल्या प्राण्यांचं सॉफ्टवेअर करायचं, असं तिनं ठरवलं आणि टेपरेकॉर्डर घेऊन रंकाळ्यावरच्या बगळ्यांपासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळ्यांच्या मागं लागली. घास हातात असायचा आणि कान खिडकीकडे. इतकी खूश ती लग्नातसुद्धा नव्हती, असं तिची सासू म्हणायची.

पण संस्थेचे अध्यक्ष गणपतराव यांना तो कॉम्प्युटर ऑफिसात हवा होता. "सोमवारी काय त्यो खेळ दावा मला," ते म्हणाले. "पसंत पडला तर ऱ्हाईल, न्हाय तर उचलतो."

उरली होती म्हैस. क्रांती पिराजी गवळ्याच्या गोठ्यात गेली, तर त्याची सुंदरी टेपसमोर तोंडच उघडेना. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मालकाच्या हाकेवर पळवायची इथली रीत, आणि त्यात सुंदरी कायम पुढं. शेवटी पिराजीनं तीच हाक घातली, "ये सुंदरेऽऽ, ह्यॉऽऽ," तेव्हा कुठं ती रेकली. हाक कापून टाकायला क्रांतीचं मन होईना. दोन्ही आवाज तिनं तसेच ठेवले.

सोमवारी गणपतराव खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. शेवटच्या पोरालाही ऐकू जावं म्हणून क्रांतीनं स्पीकर पुरता मोठा केला. बगळा झाला, मांजर झालं, गणपतरावांनी जांभई दिली. तेवढ्यात निशानं म्हशीवर दाबलं.

पिराजीची हाक थेट रस्त्यावर गेली. त्याच वेळी पिराजी म्हशी नदीवरून घरी नेत होता. सुंदरी थबकली, वळली आणि फाटकातून आत घुसली, तिच्यामागं बाकीच्याही. तिनं खिडकीतून ओलं तोंड आत घातलं आणि गणपतरावांच्या कानाशी रेकली.

पोरं बाकांवर चढून नाचायला लागली. निशानं पुन्हा दाबलं, कॉम्प्युटरातली म्हैस रेकली आणि बाहेरचीनं तिला उत्तर दिलं. आता संपलं सगळं, असं क्रांतीला वाटत होतं, तरी तिचं हसू आवरेना. धापा टाकत आलेला पिराजी म्हणाला, "मी हितं हाय, मग हाक कोन मारतंय?"

गणपतरावांनी बाहीनं कान पुसला. आधी पडद्याकडं बघितलं, मग म्हशीकडं, मग नाचणाऱ्या पोरांकडं.

"ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. क्रांतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दारापर्यंत जाऊन गणपतराव पुन्हा वळले. "फकस्त एक करा, बाई. म्होरं वाघ घालनार असला, तर आधी खिडकी लावा."