आधी तोंड, मग पुडी

मामंजींना जाऊन सहा आठवडे झाले. जाण्याच्या दोन दिवस आधी शेजारचा वसंता त्यांना बघायला आला आणि निघताना मला म्हणाला, "काकी, डोकं ठणकतंय, एखादी गोळी आहे का?" मी फडताळाकडे वळले, तोच खाटेवरून आवाज आला, "आ कर." नव्वदीला टेकलेला माणूस, धड कूस बदलता येत नव्हती... पण वसंता निमूट वाकला आणि त्यानं तोंड उघडलं. मामंजींनी वास घेतला. म्हणाले, "दे. कोरडा आहे."

मामंजी म्हणजे माझे सासरे. रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे त्यांनी उभी हयात कंपाउंडरकी केली. १९३५च्या सुमारास मी लग्न होऊन आले, तेव्हा दवाखाना आमच्या घराला लागूनच होता. औषधं ते खलून देत. कागद कापून पुड्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. माझी घडी पसंत असल्याचं ते कधी बोलले नाहीत. फक्त माझ्या पुड्या उघडून बघायचं त्यांनी थांबवलं.

पुढच्याच शिमग्यातली गोष्ट. सकाळी मामंजी विहिरीवर आंघोळीला गेले होते. मिऱ्या गावचा गणू तांडेल मागच्या दाराशी आला. "वयनी, डोसकं फुटायला लागलंय. दोन पुड्या द्या." तोंडाला माडीचा भपकारा होता. शिमग्यात तो कुणाच्या तोंडाला नसतो? मी ॲस्पिरिनच्या दोन पुड्या दिल्या. त्यानं दोन्ही एकदम, उपाशीपोटी घेतल्या. दुपारी त्याला बैलगाडीतून आणलं, तेव्हा तो काळं रक्त ओकत होता.

"पुड्या कुणी दिल्या?" डॉक्टर कडाडले.

"मी," मामंजी म्हणाले.

मी दाराआड होते. पाऊल पुढे टाकलं, तर मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथंच थांबले. "हा गेला, तर उद्यापासून तुम्ही इथं दिसायचं नाही," डॉक्टर म्हणाले. घरात खाणारी तोंडं सात, मिळवते मामंजी एकटे. तीन दिवस मामंजी गणूच्या उशाशी बसून होते. चौथ्या दिवशी गणूनं पेज मागितली आणि आमच्या घरात चूल नीट पेटली.

मला बोलणी बसतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "सूनबाई, वास आला होता?"

"आला होता."

"बरं." आणि छत्री घेऊन ते मिऱ्याला चालत गेले. गणूबरोबर प्यायलेल्या एकेकाला गाठून त्यांनी चौकशी केली. गणूपेक्षा जास्त ढोसलेले होते, सगळे ठणठणीत. पुडी फक्त गणूनं घेतली होती. मामंजींनी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "दारूनं झालं ते. कंपाउंडरनं पुड्या बांधाव्यात, निदान करू नये."

मामंजींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून डोकेदुखीची पुडी मागणाऱ्याला आधी तोंड उघडावं लागलं. वास आला तर पुडी नाही. लिंबू-मीठ घातलेलं पाणी, पेज, आणि झोप. लोक चिडले. "तुम्ही कंपाउंडर की अबकारीचे शिपाई?" असं एका बागायतदारानं भर ओटीवर विचारलं. मामंजी म्हणाले, "शिपाई असतो तर पकडलं असतं. आ करा." बागायतदार पाय आपटत गेले. आमच्या पुडीनं पुन्हा कुणी रक्त ओकलं नाही.

माझी लेक मुंबईला डॉक्टरकी शिकते. आजोबांच्या दिवसांना आली तेव्हा तिनं समजावलं. पोटाच्या आतल्या अस्तराला सांभाळणारी द्रव्यं शरीर स्वतःच बनवतं, त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. ॲस्पिरिन ती बनू देत नाही. अस्तर उघडं पडतं, त्यात दारू ते जाळते, आणि रक्त येतं. "आई, हे शास्त्राला आत्ता आत्ता कळलंय गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "कळू दे. आमच्याकडे छत्तीस सालापासून चालू आहे."

त्यांचा खल अजून फडताळात आहे, शेजारी गोळ्यांचा डबा. परवा माझा मुलगा मित्राच्या लग्नाहून आला. "आई, डोकं फुटतंय, गोळी दे."

"आ कर."

तो हसला. मी हसले नाही. त्यानं तोंड काही उघडलं नाही.

मी डबा मिटला आणि पेजेला तांदूळ धुतले.