पाहुण्यांसाठी साफ केलेला चिखल

मुलीच्या करिअरसाठी बापानं काय करावं ते मला ठाऊक नाही. काय करू नये, ते मात्र मी एका सकाळीत करून दाखवलं.

माझी अश्विनी सायक्लोक्रॉस खेळते. म्हणजे चिखल, खड्डे, आडवी लाकडं असलेल्या वाटेवरून सायकल दामटायची आणि जमेना तर ती खांद्यावर घेऊन पळायचं. (पावसाळ्यात आमच्या ठाणाकुशनूर गावात सगळेच हे करतात, पण त्याचा पगार मिळतो हे कुणाला माहीत नव्हतं.) सरावाची अशी वाट तिनं आमच्याच वावरात केली होती. एका संघाचे कोच तिथंच तिची चाचणी घेणार होते. पसंत पडली तर करार, परदेशातल्या शर्यती! मला तर दोन दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

पण पाहुणे येणार आणि वाट अशी? अश्विनी टायर आणायला औरादला गेली आणि मी ट्रॅक्टर काढला. खड्डे बुजवले, मुरूम टाकला, फळी मारली. आडवी लाकडं फोडून चहाच्या चुलीत घातली. बायकोनं सडा टाकून रांगोळीही काढली.

अश्विनी परत आली.

"अप्पा, चिखल कुठं हाय?"

"साफ केला की. पाव्हणे येयलेत न्हवं?"

"ते चिखलच बघायला येयलेत." तिचे डोळे भरले.

तासभर हातात होता. रोटावेटर घातला, विहिरीची मोटार सोडली आणि शेजारच्या मल्लप्पाअण्णांकडे धावलो.

"अण्णा, म्हशी द्या. चिखल करायचाय."

"कामून?"

"पोरगी परदेशी जायलीय."

"मग रेडा बी घेऊन जा की."

कोच आले तेव्हा सात म्हशी, एक रेडा आणि मी, असे आम्ही नऊ जण चिखल तुडवत होतो. जनावरं हाकलली. कोचनी शिट्टी फुंकली, अश्विनी सुटली आणि मोटारीचा पाइप बाजूला ओढता ओढता मी घसरून नेमका वाटेत आडवा झालो!

"अप्पा, हलू नका!"

मी डोळे मिटले. सायकल अंगावरून उडून पलीकडं पडली, म्हणजे पोचली. उठायला लागलो तर लांबून अश्विनीचा आवाज आला, "तसंच पडून ऱ्हावा, अजून तीन फेऱ्या हायत!"

तिन्ही वेळा ती उडून गेली. करारावर सह्या झाल्या. मी चिखल पुसत कोचना म्हणालो, "साहेब, लाकडं नव्हती, गैरसोय झाली."

"उलट बरं झालं," ते माझ्या पोटाकडं बघत म्हणाले. "नियमात एवढा उंच अडथळा नसतो. हा पार केला, म्हणून तर घेतली."

डॉक्टर अजूनही पोट कमी करा म्हणतात. मी त्यांना करार दाखवतो.