व्याधाचं अंतर

तमाम मावळवासीयांना कळवण्यात येते की, व्याध या तेजस्वी ताऱ्याचं अंतर मोजण्याचा ऐतिहासिक प्रयोग लोहगडवाडीत झाला आणि तो मला भलताच महागात पडला.

विद्यार्थ्यांना तारे दाखवायला मी लोणावळ्याहून नेहमी एकाच जीपवाल्याबरोबर वर जातो. घाटात समोरून एसटी आली की मी डोळे मिटतो. तो दोन बोटं दाखवतो. "एवढी जागा लय झाली, सर!" ब्रेक लावणं म्हणजे त्याला स्वतःचा अपमान वाटतो.

परवा अंधार पडता पडता व्याध वर आला. "एवढ्या लांबचं मोजत्यात कसं?" जीपवाल्याने विचारलं.

मी रंगात आलो. "हात लांब करून अंगठा ताऱ्यावर धरा. एकेक डोळा मिटून बघा. अंगठा सरकतो ना? पृथ्वी सूर्याच्या या बाजूहून त्या बाजूला गेली की जवळचा तारा तसाच किंचित सरकतो. त्यावरून अंतर निघतं."

त्याने डावा डोळा मिटला आणि तो हसला. मग उजवा मिटला. हसू विझलं. अंगठा हलवला, डोळा चोळला, पुन्हा उजवा मिटला. मुलं जीपमध्ये चढत होती. खाली घाट काळा पडला होता.

"काय झालं हो?"

"सर, ह्या डोळ्यानं अंगठाबी दिसंना अन् ताराबी दिसंना!"