रोझीला स्थळ आलं

ठवकरांच्या मुलीला चालून आलेलं स्थळ मी एका दुपारी, चहा-चिवडा देऊन, मोडलं.

मोडायला गेलो नव्हतो. मी कुत्री सांभाळायला गेलो होतो. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर मी हा उद्योग सुरू केला. सेक्टर २ मधले लोक सुटीत आपापल्या गावाला जातात, कोणी केरळला, कोणी बंगालला, कोणी आमच्यासारखे भंडाऱ्याकडे. मागं कुत्री-मांजरं राहतात. ती मी बघायचो. जन्मभर क्रेन चालवली, त्यामुळे उंचावर बसून खालच्या माणसाच्या इशाऱ्याप्रमाणे हात हलवायची सवय होती. खालून 'उचल' म्हटलं की उचलायचं, 'ठेव' म्हटलं की ठेवायचं. ही सवय गिऱ्हाइकांच्या फार लवकर लक्षात आली.

कोणी म्हणायचं, मांजरीला दूध देताच आहात तर झाडांना पाणीही घाला. कोणी म्हणायचं, पाणी घालताच आहात तर गॅस सिलेंडरवाला येईल, तेवढं बघा. एकदा एका घरचा ससा सांभाळता सांभाळता मी त्यांच्या सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. (ससा घरीच होता.) माझी बायको मंदा हे सगळं बघायची आणि एकच म्हणायची, "तुमाले नाही म्हणता येत नाही का?"

मी म्हणायचो, येतं की. वेळ आली की म्हणीन.

आता ठवकरांचं सांगतो. ठवकर साहेब माझ्याहून जरा लहान, त्यांची नोकरी संपायला थोडा काळ होता. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, बोलायला अगदी गोड. मुलगी स्नेहल, शाळेत शिकवते, शांत आणि हुशार. आणि चौथी रोझी, लॅब्राडोर जातीची कुत्री. वहिनी रोझीला कधी कुत्री म्हणत नाहीत. 'आमची लहान पोरगी' म्हणतात. सुरुवातीला मला विचित्र वाटायचं, पण या धंद्यात सगळेच तसं बोलतात. कोणाचा बोका 'आमचा मुलगा' असतो, कोणाचं कासव 'आमचे आजोबा'. मलाही सवय झाली.

ठवकर मंडळी वर्ध्याला नात्यातल्या लग्नाला निघाली, तेव्हा ठरलं होतं ते एवढंच की मी सकाळ-संध्याकाळ जाऊन रोझीला जेवण द्यायचं आणि फिरवून आणायचं. पहिल्याच दिवशी वहिनींचा फोन आला की पोरगी एकटी घाबरते, दिवसभर तिथंच थांबता का. मी हो म्हणालो. मग फोन आला की ती जेवत नसेल तर साहेबांचा कुर्ता घाला, वास ओळखीचा लागतो. मी तो कुर्ता घातला. मग फोन आला की साहेब तिला सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात. मी साहेबांच्या कुर्त्यात, साहेबांच्या खुर्चीत बसून रोझीला अख्खा पेपर वाचून दाखवला. ती जेवली. त्या दिवशी मंदा डबा घेऊन आली आणि मला तशा अवस्थेत पाहून दारातच थांबली.

ती आत आली, डबा टेबलावर ठेवला आणि शांतपणे मला समजावलं. काम काय ठरलं ते करायचं. त्याच्यापलीकडे कोणी काही मागितलं तर तिथल्या तिथं, तोंडावर, नाही सांगायचं. कारण द्यायचं, पण नाही म्हणायचं. माझ्याकडून तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं.

आणि नेमका त्याच दुपारी वहिनींचा आणखी एक फोन आला. कॅम्प-१ वस्तीतली काही मंडळी रोझीसाठी मागे लागली आहेत, त्यांच्याकडे नर आहे, पिल्लं पाहिजेत म्हणतात. कितीदा सांगितलं की रोझीचं ऑपरेशन झालंय, तरी येतात. "आले तर त्याईले साफ सांगा भाऊजी. जरा कडक बोला."

मला बरं वाटलं. नाही म्हणायची वेळ आली होती, आणि तीही गिऱ्हाइकाच्या परवानगीनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोझी जेवून आतल्या खोलीत पंख्याखाली झोपली होती. बेल वाजली. दारात एक साठीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, आणि त्यांच्या सोबत एक बाई, चांगली साडी, हातात मिठाईचा डबा. गृहस्थांनी हात जोडून विचारलं, "ठवकर साहेब?"

हे ठवकर साहेबांचं घर का, असं ते विचारत आहेत असं मला वाटलं. मी म्हणालो, "हो, या नं."

ते आत आले. मी साहेबांच्या खुर्चीत बसलो. (ती एकच खुर्ची रिकामी होती. सोफा पाहुण्यांनी घेतला.) ते म्हणाले की इथं शेजारी दुर्गला एका घरी बारशाला आलो होतो, फोन लावला पण लागला नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय, म्हणून म्हटलं सरळ भेटूनच यावं. मग जरा खाकरून म्हणाले, "आमच्या मुलासाठी तुमची मुलगी पाहाची होती."

गाडीनं जायचं म्हणजे कॅम्प-१ वाल्यांनी बाहेरगावचे नातेवाईक पुढं केले असावेत; ते इतके नीटनेटके, मिठाई घेऊन येतील असं वाटलं नव्हतं. पण शौकीन लोक असतात. मी म्हणालो, मुलाला सोबत आणलं नाही का? ते म्हणाले, तो बंगलोरला असतो.

इथं मी थोडा गडबडलो. कुत्रा बंगलोरला कशाला? मी विचारलं, तिथं काय करतो.

"सिक्युरिटीत आहे. मोठी कंपनी आहे."

मग सगळं लख्ख झालं. कंपन्या कुत्री ठेवतात, मी स्वतः पाहिलं आहे. मी विचारलं, रात्रपाळी असते का. कधी कधी असते, म्हणाले. जेवणखाण कंपनीचंच? हो, कंपनीचंच. तब्येतीनं कसा आहे? बाई कौतुकानं म्हणाल्या, चांगला उंच आहे, रोज पळायला जातो. मला तर त्या कुत्र्याबद्दल आदर वाटू लागला.

मी आत जाऊन चहा केला, डब्यातला चिवडा काढला. पाहुण्यांना नाही म्हणायचं म्हणजे उपाशी पाठवायचं असं थोडंच आहे. मी ट्रे ठेवला तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, मुलगी कुठं आहे?

"झोपली आहे. जेवली का झोपते. मंग चार वाजेलोक उठवाची सोय नाही."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गृहस्थ हसून म्हणाले, सुटीचा दिवस आहे, झोपू द्या. मग त्यांनी स्वभाव कसा आहे ते विचारलं. खोटं कशाला बोलायचं? मी सांगितलं की स्वभाव चांगला आहे, पण खाण्याचे फार नखरे, हातानं भरवावं लागतं. नवीन माणूस दिसला की आधी ओरडते, नंतर मात्र अगदी मांडीवर येऊन बसते. गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला.

"घरातच असते का?" बाईंचा आवाज आता बारीक झाला होता.

मी म्हणालो, एकटीला बाहेर सोडत नाही, कारण मागं एकदा दार उघडं राहिलं तर पळून गेली होती. पार सिव्हिक सेंटरच्या बाजारापर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी एका ऑटोवाल्याच्या घरी सापडली, मजेत होती, यायलाच तयार नव्हती.

बाईंना चिवड्याचा ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. त्या दोघांचे चेहरे पाहून मला वाटलं, आता मऊ पडून चालणार नाही, नाहीतर हे पुन्हा येतील. मंदाचे शब्द आठवले. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "तुमी इतक्या दूरून आले, वाईट नोका वाटून घेऊ. पण मी स्पष्टच सांगतो. हे जमणार नाही. तिचं ऑपरेशन झालं आहे. लेकरं होणार नाही. आता कोणी कितीही चांगला मुलगा आणला तरी आमाले मुलगी दाखवाचीच नाही."

गृहस्थ उठले, हात जोडले, म्हणाले, "तुमी खरं सांगतलं, उपकार झाले." बाई मिठाईचा डबा उचलू का ठेवू अशा विचारात होत्या. शेवटी ठेवून गेल्या. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो. रोझी या सगळ्यात एकदाही उठली नाही.

मी मंदाला फोन करून सांगितलं की आज मी नाही म्हटलं, कारण देऊन म्हटलं, आणि समोरच्यानं आभार मानले. ती खूश झाली. म्हणाली, आता बघा, तुमाले जमून राहिलं.

तासाभरात वर्ध्याहून ठवकर साहेबांचा फोन आला. मागं सनई वाजत होती. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, हरवलेला होता.

"बोरकर," ते म्हणाले, "मी आज दुपारी भिलाईत होतो का?"

मी म्हणालो, नाही साहेब, तुम्ही वर्ध्यात आहात. ते म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं. पण स्नेहलसाठी स्थळ आणलेल्या मध्यस्थाचा आत्ता फोन आला. तो म्हणून राहिला की मुलाकडची गोंदियाची मंडळी घरी आली होती आणि मी स्वतः त्यांना चहा पाजून सांगितलं की मुलगी ऑटोवाल्यासोबत पळाली होती. मग म्हणाले, "अना ऑपरेशन कायचं?"

मी अंगातल्या साहेबांच्या कुर्त्याकडे पाहिलं, मिठाईच्या डब्याकडे पाहिलं. डब्यावर गोंदियाच्या दुकानाचं नाव होतं. सगळं मला समजलं, आणि समजल्यावर जास्तच समजेनासं झालं. सिक्युरिटीतला मुलगा डोळ्यांपुढं उभा राहिला तर माणूस दिसे, पळायला लागला की कुत्रा दिसे. मी साहेबांना जमेल तसं सांगितलं. मग वहिनींनी फोन घेतला आणि त्या रडायला लागल्या. गोंदियाची मंडळी आता फोनच उचलत नव्हती. पोरीचं नाव साऱ्या समाजात खराब होणार होतं.

मंदा आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं, पण तिला तेवढा वेळ नव्हता. गाडी संध्याकाळची आहे म्हणाले होते ना? मग उठा. रोझीला घ्या. मी विचारलं, रोझी कावून? मंदा म्हणाली, तुमच्या तोंडावर आता कोण विश्वास ठेवणार, जिची गोष्ट सांगितली तिलाच न्या.

तर आम्ही ऑटोत बसलो. मी, मंदा आणि मधे रोझी. दुर्ग स्टेशनवर मंडळी बाकावर बसली होती. मला पाहून गृहस्थ उठून दुसरीकडे जायला निघाले. मंदा आडवी उभी राहिली, नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, हे ठवकर नव्हेत. हे माझे मिस्टर. हे कुत्रे सांभाळतात."

मी रोझीला पुढं केलं आणि म्हणालो, "मी हिच्याबद्दल बोलून राहिलो होतो."

रोझी आधी भुंकली, मग त्यांच्या पायाजवळ जाऊन बसली. गृहस्थांना कळेना. बाईंना मात्र एकेक आठवत गेलं असावं. त्यांनी विचारलं, हातानं भरवावं लागते ते हीच? मी म्हणालो, हीच. चार वाजेलोक झोपते ते? हीच. "अना ऑटोवाला?"

"हीच, वहिनी."

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. गृहस्थ मात्र अजून गंभीर होते. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मंग तुमी माह्या पोराच्या तब्येतीचं कावून विचारत होते?"

मी खरं सांगितलं. सांगायला नको होतं. ते ऐकून बाई खाली बसल्या आणि गाडीची घोषणा झाली तरी उठेनात. त्यांना मंदानं आणि मी मिळून डब्यात चढवलं.

पुढचं आमच्या हातात नव्हतं. पण बाईंनी गाडीतूनच मुलाला फोन करून सगळी हकीकत सांगितली, आणि त्यानं सरळ स्नेहलला फोन केला, माफी मागायला. तो म्हणे कंप्युटरच्या सिक्युरिटीत आहे, कुलपं-बिलपं नसतात त्यात. त्यानं तिला सांगितलं की आपण दोघंही आज सेक्टर २ मध्ये कुत्रे होतो. ती हसली. मग पुढं ते रोजच बोलायला लागले. एरवी बघण्याच्या कार्यक्रमात मुलगा-मुलगी गच्चीवर जाऊन तोंडाकडे बघत बसतात, यांच्याकडे बोलायला केवढा तरी विषय होता.

लग्न भिलाईतच झालं. ठवकर साहेब मला प्रत्येक पाहुण्याजवळ न्यायचे आणि सांगायचे की हे बोरकर, यांनीच जमवलं. मी समजावत होतो की मी जमवलं नाही, मी साफ नकार दिला होता, कारण देऊन दिला होता. कोणी ऐकून घेईना. गोंदियाच्या बाई तर म्हणाल्या, भाऊजी, तुमी त्या दिवशी नाही म्हटलं नसतं तर हे दोघं बोललेच नसते.

साठ वर्षांत मी एकदाच कोणाला तोंडावर नाही म्हणालो. त्याचाही हो झाला.