जाळीवरचे कागद

इमारतीत हवा कुठून यावी आणि उजेड कुठून पडावा, हे ठरवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. ऑफिसात त्याला हवासाहेब म्हणत, आणि तोही ते नाव कॉलर ताठ करून मिरवायचा. त्याचं लाडकं काम म्हणजे चित्रकला महाविद्यालयातला रंगकामाचा हॉल. तिथे त्याची थोरली ताई शिकवायची. आईमागे तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं, म्हणून या हॉलसाठी त्याने जीव ओतला. उत्तरेला भिंतभर काचा, दिवसभर एकसारखा उजेड. उघडझाप झाली की उजेड हलतो, म्हणून काचा कायमच्या बंद. हवेसाठी वर जाळ्या.

तीन वर्षांत ताईला खोकला जडला. पोरं दोन तासांनी उठून जायची. ताई दिवसभर आतच. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वाफेपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. ते कानावर आलं तसा तो दुरुस्तीचा अर्ज खिशात घालून तडक हॉलवर गेला. बघतो तर एकूण एक जाळीवर ड्रॉइंगचे जाड कागद चिकटवलेले.

"हा शहाणपणा कुणाचा?"

"माझा," ताई म्हणाली. "तुझ्या जाळ्या नेमकी ओल्या रंगावर धूळ टाकतात. तैलरंग वाळायला आठ-आठ दिवस लागतात. पोरीने आजीचा चेहरा रंगवून जावं आणि सकाळी आजीला दाढी फुटलेली!"

त्याला हसू आलं नाही. वाऱ्याचं गणित त्याने चोख मांडलं होतं, पण ओला रंग त्याच्या ध्यानातच आला नव्हता. चूक त्याची, आणि भोगत होती ताई.

"छत फोडून सगळं नव्याने करतो. वर्षभर हॉल बंद ठेवावा लागेल."

"निवृत्तीला माझं एकच वर्ष उरलंय रे. हॉल बंद झाला की मला घरी बसवतील. त्या दोन खोल्यांत भिंतींशी बोलू? खोकल्याआधी त्यानेच मरेन मी. कॉलेजकडे अर्जबिर्ज करू नकोस. माझी शपथ आहे तुला."

अर्ज त्याच्या खिशातच होता. त्याने तो बाहेर काढला नाही. स्वतःचा त्याला भयंकर राग आला, आणि तिचाही.

एका जाळीवरचा कागद सुटून फडफडत होता. ताईने डिंकाची बाटली पुढे केली.

"तूच लाव. स्टुलावर चढलं की धाप लागते मला."

तो चढला. फटीतून आलेला गार वारा तोंडावर लागला. त्याने कागद तळहाताने दाबला आणि डिंक धरेपर्यंत तसाच दाबून उभा राहिला. खाली ताई खोकत होती.