पाच नंबरचा बिल्ला

तिचं हजेरीपटावरचं नाव आता शाळेत कुणाला आठवत नाही. आम्ही सगळे तिला ‘कशावरून’ म्हणायचो. पाचवीत माझ्या वर्गात आली तेव्हा दोन वेण्या, दप्तराचा एक पट्टा तुटलेला आणि तोंडात हा एकच शब्द. मी म्हणावं, झाडं मुळांनी पाणी पितात, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, “कशावरून, बाई?” एकदा मुख्याध्यापक वर्गात आले आणि कौतुकानं म्हणाले, “हा आपल्या शाळेतला सगळ्यात हुशार वर्ग आहे.” मुलं खूश. तेवढ्यात हिचा हात वर. “कशावरून, सर?” सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “बाई, तुमचं चालू द्या.”

तिची आई शिवणकाम करायची. रस्त्यात भेटली की काकुळतीला यायची. “बाई, तुम्ही तरी सांगा हिला. दूध तापलं म्हटलं तरी बोट घालून बघते. हिचं पुढं कसं व्हायचं?” मी काही सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाच त्या शब्दाची सवय लागली होती. रात्रीचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशीचा पाठ काढायचे, तेव्हा प्रत्येक वाक्यापाशी थांबून मी स्वतःलाच विचारायचे, कशावरून? निम्म्या वाक्यांना उत्तर नसायचं. ती वाक्यं मी गाळून टाकायचे.

पुढं तिचं कसं व्हायचं ते छान झालं. तिचा नवरा सांगतो, “मी हिला म्हटलं, मला तू आवडतेस. ही म्हणाली, कशावरून? अर्धा तास बोलत होतो. एवढं एकदाच सिद्ध करायला लागलं, नंतर कधी नाही.” आणि नोकरीही तिला या शब्दाचीच मिळाली. अणुवीज केंद्राच्या आसपासची हवा, पाणी, माती, दूध यांत किरणं किती आहेत हे केंद्रातली माणसं सतत मोजत असतात. ते मोजणं नीट चाललंय का, हे तपासणाऱ्या सरकारी खात्यात ती निरीक्षक आहे. तिनं मला फोनवर समजावलं होतं, “बाई, ते म्हणतात सगळं ठीक आहे. मग मी जाते आणि म्हणते...” पुढचा शब्द आम्ही दोघींनी एकदमच म्हटला.

आमच्या गावापासून असं केंद्र आठ किलोमीटरवर आहे. शाळेच्या पटांगणात, कुंपणालगतच्या झाडाखाली, त्यांचं एक हिरवं लोखंडी कपाट आहे. त्यातला पंप दिवसभर कागदाच्या चकतीतून हवा ओढत असतो. मुलं त्याला ‘भुणभुण्या’ म्हणतात. शेजारी एक खांब आणि खांबाला छातीच्या उंचीवर काडेपेटीएवढा एक बिल्ला. तीन महिन्यांत त्या जागी किरणं किती पडली, हे तो बिल्ला स्वतःत साठवून ठेवतो. असे चाळीस बिल्ले गावोगाव टांगलेले आहेत. आमचा पाच नंबरचा.

ते बदलतात बिल्लेकाका. किडकिडीत माणूस, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. दर सोमवारी भुणभुण्यातली चकती बदलायची, दर तीन महिन्यांनी सगळे बिल्ले. सत्तावीस वर्षं. फॉर्म भरून झाला की खिशातून एक बारकी वही काढायची आणि फॉर्ममध्ये न मावणारं तिच्यात लिहायचं: गवत कापलं. खांबावर पक्षी बसतो. कुंपणाची तार तुटली. मी विचारलं होतं, “अहो, हे कोण वाचणार?” “कुणी नाही, बाई. पण बघितलं ते लिहून ठेवावं.”

यंदा ते निवृत्त व्हायचे होते. त्याच्या दोन महिने आधी एका सोमवारी ते आले तेव्हा चेहरा पार उतरलेला. शाळेला लागूनच माझं घर. मी फाटकाशी गेले.

“काय झालं, काका?”

“अहवाल छापून आला, बाई. मागच्या उन्हाळ्यातला पाच नंबरचा आकडा दुप्पट. एरवी अडीचशेच्या आसपास असतो, तो चारशे नव्वद.”

“अगं बाई! म्हणजे केंद्रातून काही...?”

“छे! आजूबाजूचे सगळे बिल्ले नेहमीसारखे, हवेची चकती स्वच्छ. मग त्यांनी लिहिलं, ‘हाताळणीतील चूक’.” ते खांबाकडे बघत राहिले. “हाताळणारा कोण? मी. सत्तावीस वर्षं, बाई, आणि शेवटची ओळ ही. आकडा एवढासाच आहे, कुणाला काही होत नाही. पण ती ओळ कायमची राहणार ना.”

मी चहा विचारला. नको म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

आणि पुढच्याच आठवड्यात कळलं की केंद्राची तपासणी लागली आहे, चार दिवसांची, आणि निरीक्षक म्हणून येणार आहे आमची कशावरून! मला इतका आनंद झाला की मी पाणी घालायची झारी घेऊन घरभर हिंडले, झाडांना घालायचं विसरूनच गेले. पण ती आली तरी माझ्या घरी येईना. बरोबरच होतं म्हणा.

तिसऱ्या दिवशी सकाळी पटांगणात पांढरी गाडी थांबली. आधी बिल्लेकाका उतरले, मागून ही. कानाशी दोन-चार केस पांढरे, खांद्याला पिशवी, पिशवीचा एक पट्टा तुटलेला. मी चपला सरकवून निघालेच.

“बाई!” ती ओरडली आणि लगेच गंभीर झाली. “मी आत्ता कामावर आहे हं. चहा नाही, बिस्किट नाही, काहीही नाही.”

“मी कुठं काय आणलंय?”

“हातात काय आहे मग?”

हातात झारी होती. बिल्लेकाका कितीतरी दिवसांनी हसले.

ती कामाला लागली. भुणभुण्याचं दार उघडून हवेचा वेग तपासला, स्वतःच्या यंत्राशी ताडून पाहिला. खांबाची उंची मोजली. मग काकांकडे वळली. “बिल्ले कशातून नेता?”

“या डब्यातून, मॅडम. चाळीसही एकत्र. आणि हा एकेचाळिसावा, याला मी ‘प्रवासी’ म्हणतो. हा कुठंच टांगायचा नाही, डब्यातच फिरवायचा. वाटेत डब्याला काही लागलं तर हा सांगणार.”

“त्या वेळी प्रवाशानं काय सांगितलं?”

“काही नाही. स्वच्छ होता.”

“मग डबा चुकून किरणांजवळ ठेवला असता तर चाळीसही बिघडले असते आणि प्रवासीही. एकटा पाच नंबरच कसा बिघडेल? हाताळणीतील चूक...” तिनं माझ्याकडे बघितलं.

“कशावरून,” मी म्हणाले.

काकांनी डबा खाली ठेवला. पण ती थांबली नव्हती. “काका, एवढ्यानं ती ओळ खोडली जाणार नाही. चूक तुमची नाही, मग आकडा आला कुठून? ते लोक मला विचारतील. उत्तर नसेल तर ओळ तशीच राहील, आणि उद्या माझा शेवटचा दिवस आहे.” तिनं पिशवीतून त्यांची बारकी वही काढली. “काल संध्याकाळी मी ही सगळी वाचली.”

“सगळी? पक्ष्यांसकट?”

“पक्ष्यांसकट. फॉर्मवर त्या महिन्यात काय लिहिलंय? ‘शाळेला सुट्टी.’ एवढंच. आणि वहीत त्याच सोमवारी: ‘बाई बाकावर. वाचत होत्या. नमस्कार केला.’ पुढच्या सोमवारी पुन्हा: ‘बाई बाकावर.’ त्यानंतर एकदाही नाही.” तिनं वही मिटली. “बाई, कुठला बाक?”

मी दाखवला. झाडाखालचा, खांबापासून दोन हातांवर. तिची मान तिरकी झाली. वर्गात उत्तर सुचायच्या आधी व्हायची तशी.

“रोज बसायचात?”

“रोज. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. उन्हं कलली की इथं वारा छान येतो.”

“तेव्हा नातू आला होता ना तुमच्याकडे? फोनवर दुसरं काही बोलत नव्हतात. आणि तो घरात असताना तुम्ही बाहेर बाकावर?”

“अगं, मला त्याच्याजवळ जायचीच बंदी होती! गळ्यातल्या ग्रंथीचं दुखणं नव्हतं का मला? डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि बजावलं, दोन आठवडे लहान मुलाला मांडीवर घ्यायचं नाही, लांब राहायचं. घरात तो सारखा येऊन बिलगायचा. म्हणून मग मीच...”

माझं वाक्य तिथंच राहिलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते!

“आयोडीनची गोळी,” ती म्हणाली. “किरणांची. तेव्हा काही दिवस तुमच्या अंगातूनच किरणं बाहेर पडत होती. बाई! बाई, तो आकडा तुम्ही आहात!”

बिल्लेकाका मटकन बाकावर बसले आणि चटका बसल्यासारखे उठले.

“बसा हो, आता काही नाही त्यात,” ती हसून म्हणाली. मला मात्र हसावं की तोंड लपवावं कळेना. आयुष्यभर मुलांना ‘जोड्या जुळवा’ घातल्या, आणि ही एक जोडी मला आठ महिने जुळवता आली नाही! किरणं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं केंद्र यायचं. दवाखान्यातली ती मला आपली गोळीच वाटली होती. आणि माझ्यामुळं या भल्या माणसाची झोप उडाली होती.

“झालं तर मग!” मी म्हणाले. “लिही आता, बाईंमुळं झालं म्हणून.”

तिनं पेन्सिल उचलली, माझ्याकडे बघितलं आणि मान तिरकी करून अगदी हळू, अगदी मायेनं विचारलं, “कशावरून, बाई?”

मी धावले. या वयात धावले! एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. कपाटातला तिसरा खण, तपासण्यांची पिवळी पिशवी, तिच्यात दवाखान्याचं कार्ड. गोळीची तारीख, गोळीची ताकद, शिक्का, सगळं होतं. परत आले तेव्हा ती टेपनं बाक ते खांब अंतर मोजत होती आणि काका दुसरं टोक धरून उभे होते.

मग ती बाकावर मांडी घालून बसली आणि गणित करू लागली. गोळीची ताकद इतकी, रोज ती इतकी कमी होणार, अंतर इतकं, तास तीन. आम्ही दोघं परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे उभे. भुणभुण्या भुणभुणत होता. काका माझ्या कानात पुटपुटले, “बाई, चाळीस-पन्नासच आलं तर?”

“गप्प बसा हो.”

तिनं उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मीच शिकवल्या होत्या तशा. “दोनशे दहा ते दोनशे साठ. जास्तीचे होते दोनशे चाळीस.”

काकांनी शर्टाची वरची गुंडी सोडली. सत्तावीस वर्षांत मी ती सुटलेली पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या बैठकीत काय झालं ते काकांनीच मला साभिनय सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, आमच्या मते ही हाताळणीतील चूक होती. मॅडमनी तो एक शब्द विचारला. साहेबांनी कागद उलटले, आणखी उलटले. मग मॅडमनी बारकी वही टेबलावर ठेवली, शेजारी गणित ठेवलं आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे उत्तर होतं. ते यांच्या खिशात होतं. कुणी मागितलंच नाही.” ती ओळ खोडली गेली. नवीन ओळीत माझं नाव नाही, ‘वैद्यकीय उपचार घेतलेली व्यक्ती’ एवढंच आहे. आणि फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला: ‘जवळपास कोण दिसले?’

जाताना ती कामातून मोकळी झाल्यावर माझ्याकडे आली, दोन कप चहा प्यायली आणि तिसरा मागितला. मी म्हटलं, “तू माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी.” तिनं तोंड उघडलं. “विचारलंस तर बघ,” मी म्हणाले.

बिल्लेकाकांच्या शेवटच्या सोमवारी मी मुद्दाम बाकावर जाऊन बसले. ते फाटकाशीच थांबले.

“बाई, येऊ का जवळ? काही गोळीबिळी नाही ना घेतली?”

“सर्दीची घेतली आहे.”

“मग चालेल.”

त्यांनी चकती बदलली, फॉर्म भरला, नवा रकानाही भरला. मग सवयीनं बारकी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि या वेळी माझ्यापुढं धरली. अक्षर तेच, बारीक, सरळ.

‘पाच नंबर. बिल्ला ठीक. बाई ठीक.’